चिठ्ठीबाहेरचं औषध

गुरुवार, ऑगस्ट १९७४

डोकं फिरलंय आज. सकाळी आमचा डॉक्टर मित्र कॉलेजात आला तो तणतणतच. "पाहा तुझं संख्याशास्त्र! नवं औषध घेतलेली पोरं जुन्यापेक्षा उशिरा बरी होऊन राहिली. बंद करतो मी ते." मी दोनदा गणित केलं. फरक नुसता योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहान नव्हता. पण असं कसं? खोकल्याच्या पोरांचे दोन गट, एक नव्या औषधाचा, एक जुन्या, मीच चिठ्ठ्या टाकून पाडले होते, दोन्हीकडे सारखीच आजारी पोरं यावीत म्हणून.

दुपारी त्याच्या वॉर्डात जाऊन गजभिये सिस्टरांना विचारलं, चिठ्ठीप्रमाणेच औषध दिलंत ना?

"बाकीच्यांले दिलं जी. पण जे पोरगं लय बिमार, त्याले नवंच दिलं. त्याची माय रडून राहिली, अन् मी चिठ्ठी पाहू?"

झालं! जास्त आजारी पोरं सगळी नव्या औषधाकडे. ती उशिराच बरी होणार. मग चिठ्ठ्या टाकल्या कशाला?

डॉक्टरला म्हटलं, औषध बंद करू नकोस, हे आकडे फेक, पुन्हा पहिल्यापासून कर. तो चिडला, मीही चिडलो. शेवटी कबूल झाला.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "मंग नवं औषध चांगलं हाय का नाही, सर?"

"अजून माहीत नाही."

"तुमालेही माहीत नाही, तर मी दिलं त्यात काय चुकलं जी?"

याचं उत्तर मी दरवर्षी वर्गात देतो: माहीत नाही म्हणूनच चिठ्ठी. त्यांच्यासमोर मात्र परत बसलो आणि नव्या चिठ्ठ्या करायला घेतल्या.