दरवाजा उघडला

१२ मार्च

प्रिय ताई,

इतके महिने उत्तर दिलं नाही, रागावली असशील. फोन करता आला असता, पण फोनवर बोलताना अप्पा शेजारीच असतात. ते बरे आहेत. जिना चढताना मध्येच थांबतात, विचारलं तर म्हणतात, “देखावा बघतोय.”

किल्ल्याचं काम संपत आलं. सरहद्दीवरची फौज जिथे झोपायची तिथे आता तिकीटखिडकी आणि बाकडी आहेत. परवा उद्घाटन. मुख्य दरवाजाचा माहितीफलक मी लिहायचा आणि त्यावरचा पडदा अप्पांनी ओढायचा, शेवटच्या पहारेकऱ्याचे नातू म्हणून.

दरवाजा दुरुस्तीला काढला तेव्हा भिंतीतला चुना खरवडताना अडणा सापडला, दाराला आतून घालायचं ते आडवं लाकूड. आपल्या घरच्या गोष्टीत तो शत्रूच्या माऱ्याने तुटतो आणि पणजोबा छातीने दार अडवतात. हा अख्खा आहे. दार उघडताना सरकवतात तसा, भिंतीतल्या खोबणीत नीट सरकवलेला.

आधी वाटलं, जिंकणाऱ्यांनी नवा बसवला असेल. पण त्यावर जुन्या फौजेचाच शिक्का आहे. तरी तेवढ्यावरून माणसाला फितूर ठरवायचं का? अडणा दुसऱ्याच कोणी काढला असेल. मी पुरावा तपासतेय की पळवाट शोधतेय, मलाच कळेनासं झालंय.

फलकासाठी मी लिहिलं, ‘पहाटे दरवाजा उघडला.’ आमचा गाइड, आवाजामुळे सगळे त्याला तोफखाना म्हणतात, वाचून म्हणाला, “बाई, उघडला म्हणजे आपोआप, की कोणी?”

“आपल्या भाषेत कर्ता न सांगताही चालतं.”

“चालतं ना. चोरीसुद्धा होते, कोणी करत नाही.”

तेव्हापासून वाटतं, ऑफिसात माझ्या पाठीमागे हसतात. कदाचित हसतही नसतील.

आणि ताई, तूही ही गोष्ट तुझ्या मुलांना कधी सांगितली नाहीस. मी सुरू केली की तू दूध उतू जाईल म्हणून उठायचीस. तुला माहीत होतं का?

आज जेवताना अप्पांना एवढंच म्हटलं, दरवाजाच्या भिंतीचं काम चाललंय. अडण्याचं नावही काढलं नाही. घास हातात तसाच धरून ते म्हणाले, “डावीकडच्या ना? ओढला की येतो का गं तो बाहेर अजून?”

मग माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. पेला समोरच होता.

मी तो त्यांच्या हाताशी सरकवला. फलक अजून रंगाऱ्याकडे गेलेला नाही. त्या वाक्यात एक शब्द मावेल एवढी जागा आहे. तो शब्द त्यांनी चारचौघांत पहिल्यांदा वाचावा, हे माझ्याच्याने होणार नाही. तो न घालता त्यांच्या हाती पडद्याची दोरी द्यायची, तेही नाही.

रागाव, पण खरं ते कळव.

तुझी,
धाकटी

उद्या: अप्पांना एकट्यांनाच दरवाजापाशी घेऊन जाणे.