तिसरी बाजू चहा करत होती

रा. रा. भागवतराव यांना जानरावाचा, तुमच्या जऊळक्यापर्यंत ऐकू जाईल असा रामराम.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? डॉक्टर महिनाभर वाचू नका म्हणाले आहेत, तर मुळीच वाचू नका. वर्षाराणी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत, तेव्हा तुमची बहीण प्रयागबाई मदतीला आली हे बरंच झालं. (गावात मी तसंच सांगितलं आहे.) पण तिने तुम्हाला काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे, म्हणून आता या मेहुण्याचंही ऐका.

मी तंटामुक्त समितीचा अध्यक्ष झालो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रामराव आणि दौलतरावांचं भांडण ठाण्यात गेलं आणि जमादारसाहेबांनी ‘गावातच मिटवा’ म्हणून ते आमच्या गळ्यात घातलं. रामरावांनी बैलांसाठी सिमेंटची गव्हाण बोळात बांधली, त्यामुळे दौलतरावांचा ट्रॅक्टर घरापर्यंत जाईना. एवढीच गोष्ट. बैठक आमच्या ओट्यावर भरली. दोघांनी एकमेकांचे पणजोबा काढले. (दोघांचा पणजोबा एकच, त्यामुळे शिव्या फुकट गेल्या.) वाशीमच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की दोन्ही बाजू शांतपणे ऐकाव्या आणि कोणीच हरणार नाही असा तोडगा काढावा. मी ऐकल्या. पण जमादारसाहेब घड्याळ पाहू लागले, तसा मला चेव आला आणि मी उभं राहून जाहीर केलं, की ट्रॅक्टर आमच्या परसातून जाऊ द्या! टाळ्या पडल्या, गळाभेट झाली, साहेबांनी फोटो काढला. त्या फोटोत माझ्या मागे दारात चहाचा ट्रे घेऊन तुमची बहीण उभी आहे. दोन बाजू मी ऐकल्या होत्या, तिसरी बाजू आत चहा करत होती.

परसात तिची वांगी, तिचा वाल, तिचा सांबार-कोथिंबिरीचा वाफा. शेवग्याची फांदी तर तिने तुमच्याकडूनच आणलेली. ती एवढंच म्हणाली, “मले कोनी इचारलं?” मला वाटलं, चहा निवेल तसा रागही निवेल. दुसऱ्या दिवशी वालावरून ट्रॅक्टर गेला आणि ही एसटीने तुमच्याकडे आली.

रामराव-दौलतराव आता जिवलग झाले आहेत. माझा आणि बायकोचा समेट कसा करावा, यावर रोज माझ्याच ओट्यावर बसून खल करतात. (परवा त्यावरून दोघांचं पुन्हा वाजलं.) शेवटी रामरावांच्या रुपाबाईंनी येऊन परसाची दशा पाहिली आणि नवऱ्याला असं झापलं, की एका सकाळीत बोळातली गव्हाण फुटून घरामागे गेली. मी रामरावांना म्हटलं, “मंग आधी काहून नाही हटवली?” तर म्हणतात कसे, “अध्यक्षसाहेब, तुमी हटव म्हनलंच कुठं? तुमी तं सीधा रस्ताच देऊन टाकला!”

तुम्ही थोरले भाऊ आहात. बहिणीला चार समजुतीच्या गोष्टी सांगा. घर खायला उठतं.

आपला,
जानराव

ता. क. : फोन केला की ती उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवते, म्हणून पत्र लिहिलं. तुम्हाला वाचायला मनाई असताना हे पत्र कोण वाचून दाखवणार, एवढं अध्यक्षाला कळतं.

आणखी ता. क. : तर प्रयाग, यापुढचं भावाला वाचून दाखवू नको. चुकलं माझं. वाल गेला, पण शेवगा शाबूत आहे, फुलावर आला आहे. परसाला कुंपण घातलं. फाटक तेवढं राहिलं आहे; ते कुठे बसवायचं, हे तू सांगितल्याशिवाय बसवणार नाही. तोवर गुरं शिरू नयेत म्हणून त्या मोकळ्या जागेत मीच बसून असतो. हे पत्रही तिथूनच लिहिलं.