तिसरी मूठ

पारोळा
श्रावण, १९८९

प्रिय पंडित,

तू मला कधी पाहिलेलं नाहीस. मी पारोळ्याच्या भाईदास नानांची बायको, लिलाबाई. शाळेत गेले नाही, माझ्या मुलाच्या, तोतारामच्या, पुस्तकांवरून वाचायला शिकले. हे पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून अक्षर असं वाकडं आहे.

येत्या रविवारी आमच्याकडे कानबाईमाता बसेल. नाना गेले त्या साली बसवली नव्हती. आज रोटांचे गहू निवडले. घरातल्या दर पुरुषामागे एक मूठ गहू, आणि त्यांचे रोट घरच्यांनीच खायचे, ही आमची रीत. घरात पुरुष दोन, नाना आणि तोताराम. पण नाना दर साली तीन मुठी घ्यायचे. जाऊबाई टोमणा मारायच्या, "नानाले मोजताच येत नही." नानाही हसायचे, आणि सोमवारी मिरवणुकीत कानबाईपुढे सगळ्यांच्या आधी नाचायला उतरायचे.

मी हसत नसे. तोतारामच्या आधीचा आमचा मुलगा बारशाआधीच गेला होता. तिसरी मूठ त्याचीच, असं मी धरून चालले. वीस वर्षं मला वाटत राहिलं, हा माणूस विसरलेला नाही. त्या एका मुठीपायी मी त्यांना पुष्कळ माफ केलं. शिरपूरच्या बाजाराला गेले की दोन-दोन दिवस तिकडेच का राहतात, हेही विचारलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात ते म्हणाले, "मनी मूठ नही लिधी तरी चाली, पंडितनी सोडू नको." स्वतःची मूठ सोडून ज्याची घ्यायला सांगताय तो पंडित कोण, विचारलं, तेव्हा तू त्यांचाच मुलगा असल्याचं सांगितलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाणी मागितलं तर भांडं जवळ सरकवलं, हातात दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पत्र तुझ्या आईला दाखव. तिच्याविषयी मला आज काही लिहिता येत नाही. तोतारामला परवा सांगितलं. तो शेतात निघून गेला. आज सकाळी शिरपूरच्या एसटीची वेळ विचारून आला. इथे दुपारी अडीचला पोचते. तुझी मूठ मी नाव घेऊन घेतली आहे. सोमवारी पाटावरची कानबाई डोक्यावर घेऊन नाचत नदीपर्यंत जायचं असतं, आणि आमच्यात पाट घरच्या पुरुषांनीच उचलायचा. तोताराम एकटा आहे, वाट लांब आहे. तू ये. हा कोण, असं लोक विचारतील. तू बोलू नकोस, मी सांगेन.

तुझीच,
मानलंस तर मोठी आई,
लिलाबाई