विहिरीवरची नक्षी

रविवार, दिवेलागण

आज व्याह्यांना कळमनुरीजवळची जहागीरदाराची जुनी बाग दाखवली. तिथल्या विहिरीच्या दगडी काठावर खोल खाचा आहेत. गाईड म्हणाला, "ही निजामकाळातली नक्षी."

नक्षी! माझ्या बापानं हयातभर त्या विहिरीवर मोट हाकली. दोर घासून घासून पडलेल्या खाचा त्या.

"काहून खोटं सांगून राहिला?" ओठावर आलं होतं. पण सोयरीक जुळवताना पोरानं आमाला पिढीजात बागाईतदार केलेलं.

व्याही खाचेत बोट फिरवून म्हणाले, "काय कारागीर असंल!"

मी म्हणालो, "व्हय."

का म्हणालो? त्या बागेत बापाचं म्हणून तेवढंच होतं. तेही मीच दुसऱ्याच्या नावावर करून आलो.