इबेतोन इचेची जागा

९ मार्च

भारताच्या फुटबॉल शिबिराची यादी लागली! इबेतोन इचेचं नाव तर असणारच होतं. पण खाली, शेवटून दुसरं — माझं! धावत बाजारात आईच्या ओट्यावर गेले. ईमा मासे मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे पुन्हा घरी नसणार." म्हटलं, "ईमा, भारताकडून!" शेजारची मासळीवाली म्हणाली, "आधी बी.ए., आता भारत. या पोरीला नवरा कुठून आणायचा गं?" सगळ्या ओट्यावर हशा. मीही हसले. आज कशानेही राग येत नाही.

इचेकडे गेले. सख्खी ताई नव्हे, पण लहानपणी मला चेंडूचा नाद लावला तो तिनेच. तिने लग्नही आमच्याच लैकाईत, याच मोहल्ल्यात केलं, चार घरं सोडून, का तर मैदान सुटायला नको! वय बत्तीस. दहा वर्षं भारताची लेफ्ट बॅक. मीही लेफ्ट बॅक. म्हणजे ती आहे तोवर मी बाकावर. मला चालेल. खरंच चालेल.

१० मार्च

शिबिरातून प्रशिक्षक शीबा मॅडमचा फोन, सगळ्यांना एकदमच. "यादीत नाव आलं की बाहेर कुठे चेंडूला पाय लावायचा नाही. गल्लीत नाही, जत्रेत नाही. कळलं तर आल्या पावली परत. मग कोणी कितीही मोठी असो."

याओशांग, आमची होळी, दोन दिवसांवर. इचे म्हणाली, "बरं झालं. या याओशांगला मी नुसती जेवणार." मग, "ही माझी शेवटची पात्रता फेरी गं. ही खेळले की मी सुटले. मग खुशाल जाडी होईन."

११ मार्च

क्लबात याओशांगच्या खेळांची बैठक. शर्यती, रस्सीखेच, नेहमीचंच. मी उठले आणि बोलले. म्हणाले, आपल्या लैकाईची बाई देशासाठी खेळते आणि आपल्याच मुलींनी तिला खेळताना फक्त टीव्हीवर पाहिलंय! खेळ लोकांचा असतो, तो लोकांत परत यायला हवा! टाळ्या पडल्या. ठरलं — सणाच्या तिसऱ्या दिवशी फुटबॉलचा सामना, लग्न झालेल्या विरुद्ध लैकाईच्या लेकी. इचेला तयार करायचं काम माझ्याकडे.

ती दोनदा नाही म्हणाली. मी म्हटलं, "इचे, आपण या मातीचं देणं लागतो."

"हे बी.ए.ला शिकवतात?"

"इचे, मुली वाट बघतायत."

 शेवटी ती म्हणाली, "दहा मिनिटं. आणि शीबाला कळलं तर दोघीही गेलो, हे ध्यानात ठेव."

मला वाटलं, मी एक चांगली गोष्ट घडवून आणली.

१२ मार्च

गवताची झोपडी पेटवली. सगळ्यांनी कपाळाला राख लावली. परवा सामना!

१४ मार्च

कसं लिहू.

कापणी झालेल्या शेतात सामना. सगळ्या अनवाणी. लग्न झालेल्या बायका कमरेचे फानेक वर खोचून, हसून हसून पडताहेत. कोणी चेंडू हातात घेऊन पळतेय, कोणी रेफरीलाच कवेत धरतेय. इचे अशी खेळत होती, जशी अंगणात कोंबड्या हाकतेय. धापसुद्धा लागत नव्हती. लहान मुली बांधावर ओरडत होत्या.

मग तिने चेंडू माझ्या दोन पायांमधून काढला.

बांधावरून कोणीतरी ओरडलं, "ए बी.ए.! पदवी पायाखालून गेली!" सगळं शेत हसलं. इचेही हसली. त्यात वाईट काही नव्हतं.

पुढच्या वेळी ती माझ्या अंगावर आली तेव्हा मी खरी खेळले. घसरत जाऊन पाय घातला. गमतीच्या सामन्यात असं कोणी करत नाही. तिने मला पाहिलं नव्हतं, ती कुठल्यातरी मामीशी बोलत होती!

आवाज मी ऐकला. तिनेही ऐकला. ओरडली नाही. मातीत बसून गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मेमथोई, गेला."

१५ मार्च

लिगामेंट पूर्ण तुटलंय. या वर्षी खेळणं नाही. डॉक्टर "या वर्षी" म्हणाले. तिच्या वयात पुढचं वर्ष नसतं.

१६ मार्च

इचेने माझ्यासमोर शीबा मॅडमना फोन लावला. पाय उशांवर. आवाज अगदी नेहमीचा. "मॅडम, घरच्या तळ्याच्या पायरीवर घसरले."  पलीकडे मॅडम रडत असाव्यात. इचेच त्यांची समजूत घालत होती! शेवटी म्हणाली, "मेमथोई आहे की. तिला माझ्या जागी खेळवा. मी तयार केलीय तिला."

मी मान हलवून नाही नाही करत होते. तिने फोन ठेवला.

"इचे, मी खरं सांगते त्यांना."

"तोंड उघडलंस तर तुझाही पाय मोडीन. रांगत जाऊन मोडीन."

"पण मी —"

"तू काय? लागलं, लागलं. आता जा, कपडे भर."

तिचा नवरा चहा घेऊन आला. मला आधी दिला. त्याला सगळं ठाऊक आहे. तरी मला आधी दिला.

२१ मार्च

कोलकाता. सरावात मॅडमनी नुसतं बोट दाखवलं — डावीकडे. उभी राहिले. बचावात मधे खेळणारी गोव्याची मुलगी सवयीने ओरडली, "इबेतोन, मागे!" मग जीभ चावली.

जेवताना मॅडमनी विचारलं, "घसरली म्हणजे नक्की कशी गं?"

"पायरीवर शेवाळ होतं, मॅडम."

इचे शेवाळाचं काही बोलली नव्हती. शेवाळ मी पदरचं घातलं. इतक्या सहज!

२५ मार्च

फार चांगली खेळतेय. मॅडम म्हणाल्या, "इबेतोनने हिरा दिला." मी चेंडू गोळा करायला निघून गेले.

२८ मार्च

पहिल्या अकरांत नाव आलं. ईमाने फोनवर सांगितलं, क्लबात मोठा पडदा लावणार आहेत, मुलींनी माझं नाव भिंतीवर लिहिलंय. "इबेतोनपण रोज विचारते. काय खातेस, झोपतेस का."

एकच प्रश्न डोक्यात. पाय घातला तेव्हा मला काय हवं होतं? चेंडू? की लोक हसले म्हणून? की — नाही. तिसरं लिहिणार नाही.

पण ते माहीतच नसेल, तर कोणत्या तोंडाने तिच्या जागी उभी राहू? इतकं शिकले ते कशासाठी?

२९ मार्च

सांगितलं. सगळं. बैठक, दहा मिनिटं, माझा पाय, शेवाळसुद्धा.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "हे मला आज सांगून मी काय करू म्हणतेस?"

"शिक्षा द्या, मॅडम."

"शिक्षा तुला हवीय, पोरी. मला लेफ्ट बॅक हवी होती." मग, "नियम मी सगळ्यांना सांगितलाय. तुला ठेवलं तर उद्या कोणाला कुठल्या तोंडाने अडवू?"

गोव्याच्या मुलीला माझ्या जागी सरकवणार. ती तिथे कधीच खेळलेली नाही.

मी बॅग भरली. खोटं का बोलू — हलकं वाटलं! किती दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं. विमानात गाढ झोप लागली.

३१ मार्च

इचेकडे गेले. नवरा दारातच म्हणाला, "झोपलीय." आतून टीव्हीचा आवाज येत होता.

चिडली असेल. चिडू दे. तिच्या जिवावर मिळालेलं मी ठेवून घेतलं नाही, हे तिला एक दिवस कळेल.  ईमा माझ्या ताटात मासा वाढते आणि बाहेर जाऊन बसते.

२ एप्रिल

हरलो. दोन्ही गोल डाव्या बाजूने.

क्लब रिकामा झाला. मी खुर्च्या रचत होते. इचे कुबड्या टेकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी परत आल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

"माझा एक गुडघा गेला होता, मेमथोई. तुझे दोन्ही धड होते. ते घरी का घेऊन आलीस?"