चांदणीजवळ उजवीकडे

आबा, त्या दिवशी मला ताप नव्हता. तुम्ही असताना हे वाक्य मला एकदाही बोलता आलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बुऱ्हाणपुरात तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान कुठे होतं हे सांगणारंही माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी सात वर्षांची होते. तुम्ही तेव्हा विमानावर रेडिओ ऑफिसर, राहायला मुंबईला, घरी यायचात ते दोन दिवसांपुरते. संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. माणसं, दप्तरं, पेट्या इकडून तिकडे न्यायला तुमच्या कंपनीची डकोटा विमानं भाड्यानं घेतली जायची. तुमचं विमान भोपाळला थांबलेलं होतं आणि दुपारच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला त्यावर चढून मुंबईला जायचं होतं. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी चुलीसमोर तोंड करून बसले. कपाळ भाजेपर्यंत बसले, आणि मग गोधडीत शिरले. आईनं हात लावून पाहिला आणि तुम्हाला म्हणाली, "अहो, पोरीचं अंग फणफणलंय. आजचा दिवस राहून जा ना." तुम्ही माझ्या कपाळावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग बाहेर जाऊन बूट काढले. गोधडीच्या फटीतून मी तुम्हाला ते बूट काढताना बघितलं. मला एक दिवस जास्त हवा होता, दुसरं काही नाही.

तुम्ही तार केलीत की मुलगी आजारी आहे, येऊ शकत नाही. संध्याकाळी कॅप्टनची उलट तार आली. ती तुम्ही आईला वाचून दाखवलीत: मुलीकडे बघ, आम्ही निघतो. हे कॅप्टन मला माहीत होते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते तुमच्याबरोबर एका दिवसासाठी आपल्याकडे आले होते, स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसले होते, आणि आईनं मांडा घडी करून ताटात वाढला तेव्हा तो उलगडून धरत हसले होते. "बहनजी, ये तो पूरा रूमाल है." त्यांचं घर लाहोरकडे राहून गेलं होतं, असं तुम्ही नंतर आईला सांगितलंत. जेवताना ते तुम्हाला प्रत्येक गोष्ट विचारत होते, कोणता डोंगर कुठे संपतो, तापी कुठे वळते, आणि तुम्ही ताटाच्या कडेनं बोट फिरवून दाखवत होतात. ऐकणारा माणूस होता तो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्याचाच प्रश्न येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी असीरगडकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं बाजारात सांगितलं की डोंगरात विमान पडलंय. तुम्ही त्याच ट्रकमधून गेलात. परत आलात ते एक दिवस उलटून, आणि आधी विहिरीवर जाऊन हात धुतलेत, पुन्हा धुतलेत. मग आत येऊन तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात. तो गार होता, ओला होता. "उतरला ताप," म्हणालात. कॅप्टन, त्यांचा जोडीदार वैमानिक आणि एक मेकॅनिक, असे तिघं गेले. रेडिओवाला त्या विमानात नव्हता. त्यानंतर तुम्ही कधी विमानात चढला नाहीत, बुऱ्हाणपुरातच रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलंत.

पुढची दहा वर्षं मी तुम्हाला दुकानात वाकलेलंच बघितलं. शाळेतून येताना मी तिथे थांबायची, तुम्ही रेडिओच्या तारा जोडायला डाख देत असायचात, धुरानं डोळे बारीक केलेले. कॉलेजात जायच्या आधी एका दुपारी मी तुम्हाला विचारलं, की तुम्ही त्या दिवशी विमानात असतात तर काय झालं असतं. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, मीही गेलो असतो. मी ते ऐकायलाच विचारलं होतं. तुम्ही डाखणी खाली ठेवली नाहीत. रुळांची दुरुस्ती करणाऱ्या गँगवाल्यांनी काय बघितलं ते सांगितलंत: ढग डोंगरांवर टेकलेले, विमान खंडव्याकडून रूळ धरून येत होतं, फार खाली, डावा पंखा थांबलेला. चांदणी स्टेशनाच्या पुढे ते उजवीकडे वळलं आणि डोंगराआड गेलं. "तिथे उजवीकडे दरी मोकळी दिसते," तुम्ही म्हणालात. "ती फसवी आहे. मी म्हणालो असतो, रूळ सोडू नका. आणखी चार मिनिटं. नेपानगर आलं की पुढे सगळी सपाट शेतं आहेत, कुठेही उतरवा." मग तारेचं टोक कापत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "पण तुला ताप आला."

तुम्ही रागावून म्हणाला असतात तर मी कदाचित तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. तुम्ही ते, पाऊस आला म्हणून गाडी चुकली, अशा आवाजात म्हणालात. मी घरी गेले. शिकले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लग्न झालं, तुम्ही गेलात, आई गेली. आणि त्या चार मिनिटांचं काय, हे मला कोणालाच विचारता आलं नाही.

मागच्या दिवाळीत लेक इंदूरहून आली तेव्हा तिनं तिचा जुना कॉम्प्युटर, मोठा पडदा आणि विमान चालवायची एक काठी आणली. आता घरात बसून विमान उडवता येतं, आबा. खालची जमीन खरी असते, डोंगर खऱ्या उंचीचे, नदी जिथे आहे तिथेच. मला वरून बुऱ्हाणपूर दाखवावं एवढाच तिचा विचार होता. विमानांच्या यादीत डकोटा होतं. मी त्याचं नाव बघितलं आणि त्यावरच बोट ठेवलं. ते नीट उडवायला शिकायला मला सात-आठ महिने लागले. दुपारी जेवण झालं की बसायची. मग एक दिवस मी भोपाळहून निघाले, विमानात पूर्ण वजन भरलं, ढग खाली आणले आणि नर्मदा ओलांडल्यावर डावं इंजिन बंद केलं.

पहिल्यांदा मी उजवीकडे वळले. सगळं माहीत असून वळले. त्या जागेवर बसल्याशिवाय हे कळत नाही, आबा. चांदणीच्या पुढे रूळ जातात तिथे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि समोर काळोख दिसतो. उजवीकडे मात्र ढग जरा वर उचललेला, खाली उजेड, जणू कोणी दार उघडून ठेवलंय. विमान एका इंजिनावर कसंबसं उंची धरून आहे, वर जाता येत नाही, काठी सतत एका बाजूला ओढून धरावी लागते. हात आपोआप उजेडाकडे जातो. मग दरी वळते, अरुंद होते, आणि वळून परतायला जागा राहत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. लेक राहायला आली होती, ती मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, तू रोज एकाच जागी का पाडतेस? वो इंजिन चालूच ठेव ना." मी म्हटलं, सराव करते आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते. चांदणी स्टेशन पंखाखालून गेलं आणि उजवीकडे तो उजेड दिसला. मी मोठ्यानं म्हणाले, रूळ सोडू नका. घरात कोणी नव्हतं. समोर डोंगर इतके जवळ की झाडं वेगळी दिसताहेत, ढगाची चिंधी काचेवरून जाते, मला काही दिसत नाही, पुन्हा रूळ दिसतात. मी घड्याळाकडे बघत नाही. माझं मनगट दुखतंय आणि मी ते सोडत नाही. एकदा वाटतं, चुकलं, आबांचं चुकलं, इथे काही नाही, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं होतं. मग डोंगर बाजूला होतात. नेपानगरची धुरांडी. असीरगड उजव्या हाताला, माथा ढगात. आणि पुढे सगळं सपाट, तुम्ही म्हणाला होतात तसं. निंबोल्याच्या पलीकडे एका रिकाम्या शेतात मी ते उतरवलं. चाकं रुतली, विमान नाकावर जाता जाता राहिलं आणि थांबलं.

तुमचं खरं होतं, आबा. ते तुमचं ऐकणारे होते आणि तुम्हाला वाट माहीत होती. मला आधीपासून सगळं ठाऊक होतं, खऱ्या ढगात खऱ्या माणसाचं काय झालं असतं कोण सांगणार, असं मी दोन दिवस स्वतःला समजावून पाहिलं. ते काही पटलं नाही. तिघं वाचले असते. हे तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहायला बसले. कागद संपत आला आहे, आणि पाकीट मी आणलेलंच नाही.

एक राहिलं. या खेळात मान वळवून विमानात मागे बघता येतं. शेतात विमान थांबल्यावर मी बघितलं. कॅप्टनच्या मागे रेडिओ ऑफिसरची खुर्ची होती, समोर यंत्रं, कानाला लावायचे हेडफोन टांगलेले. तिथे कोणी बसलेलं नव्हतं. तुम्ही घरीच होतात, आणि मला बरं वाटलं.