आई पाण्यात उतरली

बाबा, तुम्ही गेल्यापासून आई भुईगावची वाडी सोडून कधी मुक्कामाला राहिली नव्हती. यंदा शिंपण्याचं काम काकूंच्या सुनेवर सोपवून आम्ही तिघी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर जाऊन आलो. आई, मी आणि तुम्ही पाहिली नाहीत ती माझी मुलगी. सगळं तिनेच ठरवलं. समुद्रकाठी झाडांखाली तंबूत राहायचं म्हटल्यावर आईने घरची चटई आणि वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी बरोबर घेतली होती.

आईचं आणि समुद्राचं तुम्हाला काय सांगायचं. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत तिचा धाकटा भाऊ भरतीत ओढला गेला, तेव्हापासून किनाऱ्यालगत राहूनही ती कधी पाण्यात गेली नाही. विसर्जनाला सगळं गाव पुढे जायचं, ती सुरूच्या झाडांपाशी थांबायची. तुम्हीही तिच्या शेजारी थांबायचात. एकदा मी तिला हाताला धरून ओल्या वाळूकडे ओढत होते, तेव्हा तुम्ही मला रागावला होतात. "यावंसं वाटेल तेव्हा ती येईल," एवढंच म्हणालात. तुमचा तो आवाज मी फारसा कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी आम्ही सकाळीच बेट बघायला निघालो. आधी लाटांनी कोरलेली दगडी कमान पाहिली. वाटेत एका केळीच्या बागेशी आईने रिक्षा थांबवली. बागवाली बाई बंगाली बोलत होती, आई मराठी, आणि एका घडाला हात लावून दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. दुपारी प्रवाळ बघायचं होतं. मुलगी मास्क लावून पाण्यात जाणार, आम्ही दोघी काठावर बसणार, असं ठरलं होतं.

मुलगी गुडघाभर पाण्यात गेली आहे आणि आई उठते. तिथल्या, मास्क लावून पोहायला शिकवणाऱ्या तरुणाला विचारते, "पाय टेकता है क्या?" तो हो म्हणतो. वाडीत खोचायची तशी ती साडी वर खोचते, त्यावर लाइफ जॅकेट चढवते आणि नातीचा हात धरून चालू लागते. कमरेएवढ्या पाण्यात थांबते. मला वाटतं, आता फिरेल. ती मास्क लावते आणि तोंड पाण्यात घालते. धापा टाकत वर येते. पुन्हा घालते, आणि या वेळी बराच वेळ तशीच राहते.

ती बाहेर आली. मी टॉवेल दिला. अंग पुसता पुसता ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, खाली नुसता काळोख असेल." मग नातीला कुठले मासे दिसले ते विचारायला लागली. बाबा, मला माझ्या शाळेतल्या बक्षिसांचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. तुम्ही तिथे हवे होतात.

आता ती आल्यागेल्याला हे सांगते. त्यात दर वेळी म्हणते, "आम्ही तिघीही उतरलो." मी दुरुस्त करत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी काठावरच होते, दोघींच्या चपला धरून. मला फार भीती वाटली होती.